जव्हारचं बिऱ्हाड

निवृत्त झालेला नवरा घरात नेमका कुठे ठेवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरात ठेवला तर डाळीत पाणी किती घालायचं ते मला सांगतो. दारात ठेवला तर येणाऱ्याजाणाऱ्याला चहाला बोलावतो, आणि चहा मी करायचा असतो. मी शाळेतून निवृत्त होऊन माझ्या दिवसाची जरा घडी बसवली होती. तेवढ्यात आमच्या ह्यांची ड्युटी संपली आणि पहिल्याच आठवड्यात जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "आता आपून डोंगरावर जायाचं."

"कुठल्या डोंगरावर?"

"जव्हारला."

मला वाटलं, सहल. मी विचारलं, कपडे किती दिवसांचे घेऊ. तर म्हणाले, "सगळे."

मी कपाळावर हात मारला. भिवंडीत माणसं येतात. गावाकडून येतात, उत्तरेतून येतात, कुठून कुठून येतात आणि इथे पोटापाण्याला लागतात. म्हातारपणी इथून उठून डोंगरावर जायचं, हे आमच्या गल्लीत आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. यायचं ते नेमकं माझ्या वाट्याला आलेल्या डोक्यात.

आमचे हे जॉबर होते. म्हणजे कापडाच्या कारखान्यातला लूम, यंत्रमाग, बिघडला की ज्याच्या नावानं सगळे बोंब मारतात, तो माणूस. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हापासून ते लुमांत उभे राहिले. आमचं घरही कारखान्याला लागून, भिंतीला भिंत. लुमांच्या हादऱ्यानं मांडणीवरचे पेले आपोआप कडेला सरकतात, मी दिवसातून दोनदा मागे सारते. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर डोकं दुखलं, मग दुखायचं थांबलं. माझी शाळाही अशाच दोन कारखान्यांच्या मधोमध होती. मी बे एके बेपासून पसायदानापर्यंत सगळं ओरडून शिकवलं आहे.

त्यामुळे आमच्याकडे बोलण्याची एक रीत पडून गेली आहे. पाठमोऱ्या माणसाशी बोलायचं नाही, कारण त्याला ते पोचत नाही. समोर जायचं, त्यानं आपल्या ओठांकडे बघितलं की मग बोलायचं, आणि तेही मोठ्यानं. हाक मारण्यात अर्थ नसतो. कारखान्यात माणसाला बोलवायचं तर सूत गुंडाळायची रिकामी कांडी नाहीतर सुताचा बोळा त्याच्या पाठीवर फेकतात. घरात मी हाताला लागेल ते फेकते. मटाराची साल, लसणीचा गड्डा, कधी घडी केलेलं फडकं. हे वळून बघतात, मग मी सांगते की जेवायला या. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारीपाजारी सगळी घरं अशीच चालतात.

तर डोंगर. मी आधी गोडीनं घेतलं. शांतताच हवी ना, मग खारबावला माझं माहेर आहे, भावाची मागची खोली रिकामी पडली आहे. पाय दुखतात म्हणत असाल तर अकलोलीला जा, गरम कुंडात पाय सोडून बसा, संध्याकाळी घरी या. बाजार हवा, झाडंही हवीत, तर अंबाडीच्या आसपास बघू. प्रत्येकाला उत्तर एकच. "त्याला डोंगर न्हाय बोलत. मला डोंगर पायजे. लांब पायजे. डोकं शांत व्हायला पायजे."

"तुमचं डोकं अशांत व्हायला झालंय काय?"

यावर त्यांनी भात कालवला. हे त्यांचं जुनं हत्यार. नको असलेला प्रश्न ऐकू येत नाही. मुलगी कल्याणला असते, तिलाही मी फोनवर सांगितलं की तुझ्या बापाला जरा समजाव. ती म्हणाली, "आई, बाबा फोन घेतात, 'ठीक हाय, ठीक हाय' म्हणतात आणि लगेच तुझ्याकडे देतात. समजावू कशी?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

गल्लीत बातमी पसरली. जो भेटेल तो म्हणायचा, "वहिनी, दुरून डोंगर साजरे, बरं का!" आणि ही म्हण आपणच आत्ता बसून तयार केल्यासारखा हसायचा. किराणावाला म्हणाला, दूधवाला म्हणाला, दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात हात घालून म्हणाला. शेवटी मला डोंगरापेक्षा त्या म्हणीचा जास्त राग यायला लागला, आणि त्या रागातच मी हो म्हणून बसले. अट एकच घातली. भिवंडीचं घर विकायचं नाही. आधी भाड्यानं राहून बघायचं, मानवलं तर पुढचं पुढे.

कारखान्यातल्या लोकांनी ह्यांना शाल-नारळ दिला. एक उत्तरेकडचा जुना कारागीर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "जॉबर भाई, पहाड़ पे करोगे क्या दिनभर?" ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "कुछ नहीं करूँगा! चुप बैठूँगा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सबंध कारखान्यासमोर दिलेला शब्द. पुढच्या सगळ्या घोटाळ्याला ही टाळी कारण झाली असं माझं मत आहे. माणसानं चारचौघांत टाळ्या घेऊ नयेत, मग माघार घेता येत नाही.

टेम्पोत सामान भरून आम्ही निघालो. अंबाडीच्या नाक्यावर वडापाव खायला थांबलो, तर तिथल्या अनोळखी माणसालाही ह्यांनी जव्हारला कायमचे चाललो म्हणून सांगितलं. वाडा मागे पडला, विक्रमगड मागे पडलं, घाट लागला, आणि टेम्पोचा ड्रायव्हर शिव्या घालायला लागला. हे खिडकीतून डोकं बाहेर काढून नव्या नवरीसारखे हरखून डोंगर बघत होते.

घर बरं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे फणसाचं झाड. घरमालकीण शेजारच्याच घरात एकटी राहायची. माझ्याच वयाची, बारीक अंगाची, आणि बोलणं इतकं हळू की मला पहिल्या दिवशी वाटलं बाईंना बरं नाही. नंतर कळलं, तिथे सगळेच तसं बोलतात. भाजीवालीसुद्धा भाव कानात सांगितल्यासारखा सांगते.

आणि त्या गावात आम्ही दोघं जाऊन पडलो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी घरमालकीण वाटीत लोणचं घेऊन आली. लोणचं निमित्त होतं. ओट्यावर टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ताई, राग नका मानू. नवरा-बायकोत व्हतंच. पर रोज सकाळी न् रोज सांजच्याला भांडून जीवाला बरं न्हाय."

"कोण भांडतंय?" मी म्हटलं. आमच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. ती बिचारी दचकून मागे सरकली.

मी तिला समजावलं की हे भांडण नव्हे, ही आमची चहा-साखरेची बोलणी. आज दूध कुठल्या दुकानातून आणलं, एवढंच विचारत होते. तिनं मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं. "आन ते लसणीचं?" तिनं हळूच विचारलं.

"लसणीचं काय?"

"काल तुम्ही त्यांच्या पाठीत लसूण हानली. मी कपडं वाळत घालीत व्हते."

आता हिला कांडी फेकायची रीत कशी समजावून सांगू? लूम या बाईनं जन्मात पाहिलेला नाही. मी प्रयत्न केला. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं की हा माणूस किती सोशिक आहे. त्या दिवसापासून ती ह्यांना जाता-येता गूळ-शेंगदाणे द्यायला लागली. मला नाही.

मी ठरवलं, आता हळू बोलायचं. बाहेर तरी. सुरुवातीला जमेना, वाक्य अर्ध्यात गेलं की आवाज आपोआप चढायचा. मग हळूहळू जमायला लागलं. आणि एका सकाळी मी भाजीवालीशी बोलत असताना मला माझा आवाज ऐकू आला. बारीक, जरासा घोगरा, माझ्या आईसारखा. माझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं. मी घरी येऊन ओट्यावर बसले आणि एकटीच काहीबाही बोलून बघितलं. फणसाला बोलले, मांजराला बोलले. घशात दुखलं नाही. पेले जिथे ठेवले तिथेच होते. दुपारी पडल्या पडल्या दूरवर कुणी लाकूड फोडत असलेलं ऐकू यायचं, आणि मधल्या वेळात काही म्हणजे काहीच नाही. मला तिथे आवडायला लागलं. चांगलंच आवडायला लागलं. ते मी ह्यांना सांगितलं नाही, नाहीतर म्हणाले असते, बघ, मी काय बोललो व्हतो.

पण गंमत अशी की ज्यांनी मला टेम्पोत घालून तिथवर नेलं, ते स्वतः घरात टिकेनात. चहा झाला की चप्पल घालायचे आणि बाहेर. मला वाटायचं, जात असतील दरी बघायला, पॉइंटावर. माणसं लांबून तिथे सूर्यास्त बघायला येतात. एक दिवस बाजारात गेले तर हे एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर बसलेले. समोर गाडी उभी, इंजिन चालू, धूर सगळा ह्यांच्या तोंडावर, आणि हे डोळे मिटून निवांत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"इथे कशाला बसलात? स्टँडच बघायचं होतं तर भिवंडीचं काय वाईट होतं?"

"बरं वाटतं," म्हणाले. गाडी निघून गेली तसे अस्वस्थ होऊन दुसरी कधी आहे ते चौकशीच्या खिडकीत विचारायला गेले.

घरी आले की कुरकुर. झोप नाही. चहात दम नाही. गावात काही चालत नाही. मी म्हटलं, काही चालत नाही म्हणूनच तर आपण इथे आलो ना! टीव्ही लावायचे तो एवढा मोठा की घरमालकीण पुन्हा लोणचं घेऊन येईल की काय अशी मला धास्ती. डोंगर हवा म्हणून लहान पोरासारखा हट्ट धरायचा, मिळाला की तोंड वाकडं करायचं. मला वाटलं, या माणसाला एकदाच काय ते सुनवावं. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

त्या दुपारी लाइट गेली. आमचा पंखा थांबला, शेजारचा फ्रिज थांबला, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती तीही थांबली. सगळ्या गावावर शांतता पसरली. घरमालकीण आणि मी ओट्यावर वाल सोलत होतो. ती तिच्या लेकीचं काही सांगत होती, मी हळू आवाजात हं हं करत होते. किती बरं वाटत होतं ते काय सांगू.

तेवढ्यात हे आतून आले. केस विस्कटलेले, चेहरा वैतागलेला. ओट्यावर उभे राहून त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि घरमालकिणीला विचारलं, "बाई, इथं जवळपास कुणी लूम लावलेत काय हो?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "काय लावलंय?"

"लूम, लूम. कापडाचे. लय खडखडतात. आता बघा, लाइट गेली तरी चालूच. जनरेटरवर टाकलेत वाटतं."

मी वाल खाली ठेवले. कान देऊन ऐकलं. फणसाच्या झाडावर एक पक्षी बोलत होता, तेवढंच.

"अहो," मी हळूच म्हटलं, "कुठे आहे आवाज?" ते वळलेच नाहीत. पाठमोरे होते. पाच पावलांवर होते, आणि मध्ये कसलाही गोंगाट नव्हता.

ह्यांनी चप्पल घातली आणि कारखाना शोधायला मागच्या गल्लीत गेले. घरमालकीण माझ्या कानाशी आली. म्हणाली, "ताई, हा आवाज कसला म्हून हे मला आधीबी इचारत व्हते. चायवाल्यालाबी इचारलं. मला वाटलं, मस्करी करतात."

मी तशीच उठून त्यांच्या मागे निघाले. मागची गल्ली, शाळेची भिंत, पुढे घरं संपतात आणि कठडा लागतो, खाली दरी. तिथे पोचेपर्यंत मला एकेक गोष्ट आठवत होती आणि माझा राग एकेका पावलाला कुठे ठेवावा कळत नव्हता. हे कठड्याला धरून उभे होते. एक हात कानावर दाबलेला. समोर कारखाना नव्हता, घर नव्हतं, काही नव्हतं. नुसते डोंगर.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"इथंबी हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"काय म्हाइत. तिकडं कळायचं न्हाय. शुक्रवारी सुट्टीला आपले लूम बंद आसायचे तरी यायचा, तवा वाटायचं, दुसऱ्या कुणाचे चालू आसतील. भिवंडीत कुठंतरी कायतरी चालूच आसतं." मग कानावरचा हात काढला, दुसऱ्या कानावर ठेवला. "मी बोललो, लांब जाऊ. लांब गेलो का सुटंल. लय लांब आलो गं."

मला एवढा संताप आला! कुणाचा ते सांगता येणार नाही. ह्यांचा आला, की वर्षानुवर्षं डोक्यात लूम चालतोय आणि बायकोला एका शब्दानं सांगितलं नाही, सरळ टेम्पो ठरवला. कारखान्याचा आला. त्या डोंगराचा तर फारच आला, नुसता बघत उभा होता. बोलले असते तर ओरडावं लागलं असतं आणि ओरडले असते तर रडले असते.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. ऱ्हायाचं. सगळ्यांना सांगून आलोय." आणि मग लहान तोंड करून म्हणाले, "तुला तर बरं वाटतंय ना हितं."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. मला वाटत होतं मी लपवलंय.

मी दरीकडे बघितलं. वारा छान सुटला होता. मी मनात म्हटलं, बाई, पुष्कळ झालं. मग एक मोठा श्वास घेतला आणि शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे त्या आवाजात ओरडले, "मला काही बरं वाटत नाही! मला इथे करमत नाही! मला माझ्या घरी जायचंय!"

शाळेच्या भिंतीमागून दोन डोकी वर आली. खालच्या वाटेनं लाकडाची मोळी घेऊन चाललेली बाई थांबून वर बघायला लागली. ह्यांना मात्र शब्दन् शब्द नीट ऐकू गेला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला.

"न्हाय करमत?"

"नाही!"

"मंग आदी न्हाय का बोलायचं?" वर मलाच. "मी हितं गप बसून ऱ्हायलोय तुझ्यासाठी, आन तू..."

मी ऐकून घेतलं.

निघताना घरमालकिणीनं ह्यांच्या हातात गुळाची ढेप दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, थोडं त्यांच्या मनासारखं करायचं व्हतं. गरीब माणूस." मी म्हटलं, हो, माझा स्वभावच वाईट.

भिवंडीत आल्यावर कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, कमी ऐकू येतंय म्हणाले, यंत्र सुचवलं. आणि तो आतला आवाज आता जाणारा नाही, बाहेर काहीतरी आवाज चालू ठेवा म्हणजे जाणवणार नाही, असंही म्हणाले. हे बाहेर येऊन म्हणाले, "बाहेरचा आवाज तर फुकट हाय आपल्याकडं." यंत्र डब्यात पडून आहे.

आता हे नाक्यावर जो भेटेल त्याला एकच सांगतात. जव्हार म्हणजे काय, स्वर्ग! हवा काय, पाणी काय! "पन काय करणार, हिला करमंना." मग सगळे माझ्याकडे बघतात, आणि एखादा ती म्हण ऐकवतोच. मी म्हणते, "होय हो, नाहीच करमलं मला."

परवा दुपारी जेवण झाल्यावर हे आडवे पडले, पण कूस बदलत होते, सारखा हात कानाकडे जात होता. मी भांडी आवरत होते. कारखान्याच्या बाजूला आमच्या घराला एक खिडकी आहे. तिच्यातून खडखडाट येतो आणि कापसाची भुकटी येऊन सगळ्या अंथरुणावर बसते, म्हणून लग्न होऊन आल्यापासून मी ती खिळा ठोकून बंद ठेवली होती. मी पक्कड आणली, बराच वेळ झटापट करून तो खिळा उपसला आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या. घरभर लुमांचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर ह्यांना झोप लागली होती.